ज्येष्ठ सोबत्याबरोबर हरणाची शिकार: शनिवार-रविवारचं सगळं शुक्रवारीच ठरवा

नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीनं हरीण मारायचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. पाच लाखांहून जास्त लोक परवाना काढतात. त्यांतले बरेच जण आता सत्तरी ओलांडलेले आहेत, त्यांची मुलं शहरात गेलीत आणि मग एखाद्या ऑक्टोबरात ते शेजारच्या मराठी माणसाला विचारतात, "या वर्षी येतेस का?" असं विचारलं गेलेल्यांसाठी हे लिहिते आहे.

मी मूळची चंद्रपूरची, इथे मॅडिसनला फिजिओथेरपिस्ट आहे. दर नोव्हेंबरात रिचलँड काउंटीत एका निवृत्त गवळ्यांबरोबर जाते. गवळी म्हणजे इकडचे, शंभरेक गाईंचा गोठा आयुष्यभर सांभाळलेले. वय अठ्ठ्याहत्तर. समोर मी त्यांना इथल्या रीतीप्रमाणे नावानंच हाक मारते, पण मराठीत लिहिताना आजोबाच म्हणणार.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही सहल त्यांच्या अंगाच्या मापानं बेता. त्यांची चाल, त्यांचे कान, त्यांचं हृदय, त्यांची औषधाची वेळ, सगळं धरून. तसं केलं की शिकारही जास्त चांगली होते, कारण पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार म्हणजे मुख्यतः एका जागी गप्प बसणं. तरुण माणसाला तेच जमत नाही. आणि सगळे निर्णय शुक्रवारी दुपारी, उजेडात, पोटभर जेवून घ्या. शनिवारी पहाटे बोटं बधिर झालेली असताना आणि समोर नर उभा असताना कुणी शहाणपणाचं ठरवत नसतं.

आधी कागदपत्रं

व्हिसावर असाल तर सगळ्यात आधी हे वाचा. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार एच-१बीसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगता येत नाहीत. त्याला अपवाद आहेत, त्यांतला एक म्हणजे अमेरिकेत रीतसर मिळालेला शिकारीचा चालू परवाना. म्हणजे परवाना हातात येण्याआधी "जरा धरून बघ" म्हणून दिलेली रायफलसुद्धा धरायची नाही. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही अडचण नाही. तरी थोडीही शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारा. आजोबांना हे माहीत असण्याचं काही कारण नाही, ते प्रेमानंच बंदूक पुढे करतील. सांगायचं तुम्हालाच आहे.

१ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना विस्कॉन्सिनमध्ये परवान्यासाठी हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. आजोबा त्याआधीचे, त्यांना लागत नाही. कोर्स केला नसेल तर मेंटॉर्ड हंटिंगचा परवाना काढता येतो, पण मग मार्गदर्शक कायम हाताच्या अंतरावर हवा. मी म्हणेन कोर्स कराच. इथल्या कोर्समध्ये टॅब-के नावाचे चार नियम घोकून घेतात: प्रत्येक बंदूक भरलेलीच समजा, नळी नेहमी सुरक्षित दिशेला, नेम धरलेलं जनावर आणि त्यामागे काय आहे याची खात्री, आणि बार काढायची वेळ येईपर्यंत बोट चापाच्या कडीबाहेर. आजोबा साठ वर्षं शिकार करत असले तरी हे चार नियम त्यांच्यासमोर मोठ्यानं म्हणा. माझ्या अनुभवात जुन्या शिकाऱ्यांना याचा राग येत नाही, उलट हायसं वाटतं.

भारतातल्या नातेवाइकांना फोटो पाठवण्याआधी थोडा विचार करा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडे शिकार बंद आहे आणि ताडोबाच्या शेजारी वाढलेली मी त्या कायद्याच्या पूर्ण बाजूची आहे. तिथे चितळांची संख्या राखायला वाघ आहे, बिबळ्या आहे, रानकुत्री आहेत. नैऋत्य विस्कॉन्सिनमध्ये ते काम करणारं फारसं कुणी उरलेलं नाही. राज्यात पंधरा लाखांच्या वर हरणं आहेत, ती ओकची रोपं वर येऊच देत नाहीत आणि दर वर्षी हजारो मोटारींना धडकतात. म्हणून मी इथे जाते, आणि जाते ते खाण्यासाठी. आणि शिंगं बॅगेत टाकून नागपूरला नेऊ नका.

ऑक्टोबरातलं बोलणं

हा भाग लोक टाळतात, म्हणून त्यावर जरा थांबते.

सहलीच्या महिनाभर आधी त्यांच्या घरी जा. आजी घरात असतील अशा वेळी जा. चहा-कॉफीबरोबर सरळ विचारा: या वर्षी छातीत दुखलं का, चढ चढताना थांबावं लागतं का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, खांद्याचं काही झालं का, पेसमेकर बसवलाय का. पेसमेकर असेल तर बंदुकीचा दस्ता त्याच बाजूच्या खांद्याला टेकवण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायलाच हवं. खांदा दुखरा असेल तर मोठ्या धक्क्याची जुनी रायफल कपाटात राहू द्या. .२४३ विंचेस्टर किंवा ७ एमएम-०८ काडतुसाच्या रायफलींचा धक्का बराच कमी असतो आणि या टेकड्यांत शंभर यार्डांच्या आतल्या नेमाला त्या पुरून उरतात. ऑक्टोबरातच नेमबाजीच्या रेंजवर दोघांनी जाऊन रायफलवरच्या दुर्बिणीचा नेम जुळवून घ्या. त्यांचा हात थरथरतो का, दुर्बिणीत त्यांना नीट दिसतं का, हे तिथेच कळतं, विचारावं लागत नाही.

आणि एक अवघड गोष्ट. आजोबा या वर्षी रस्ता चुकू लागले असतील, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत असतील, गॅस बंद करायला विसरत असतील, तर त्यांच्या हातात भरलेली बंदूक द्यायची नाही. हे त्यांना रानात सांगू नका, चारचौघांतही नको. आजींच्या आणि मुलाच्या साक्षीनं, ऑक्टोबरातच, आणि दुसरं काम हातात देऊन सांगा: "यंदा बंदूक माझ्याकडे, दुर्बीण तुमच्याकडे. कुठे बसायचं ते तुम्ही ठरवा." हे काम खोटं नाही. कुठल्या खिंडीतून हरीण उतरतं हे त्यांनाच ठाऊक असतं. माझ्या एका पेशंटच्या घरी असंच केलं, ते गृहस्थ पुढची दोन वर्षं आनंदानं जात राहिले.

शुक्रवार

मॅडिसनहून दीड तासात पोहोचता येतं. दुपारी दोनच्या आत पोहोचा, कारण साडेचारला सूर्य मावळतो. हा सगळा ड्रिफ्टलेस भाग. हिमयुगात हिमनद्यांनी उरलेलं विस्कॉन्सिन रंधा मारल्यासारखं सपाट केलं, पण हा कोपरा सुटला. म्हणून इथे उभे चढ, अरुंद दऱ्या, वरती ओकचं रान आणि खाली मक्याची कापलेली शेतं. दिसायला फार सुंदर. आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या गुडघ्यांना फार कठीण.

उजेड आहे तोवर बसायच्या जागेपर्यंत दोघं चालून या, रिकाम्या हातानं. किती वेळ लागला ते घड्याळात पाहा आणि पहाटेसाठी त्याच्या दुप्पट धरा. वाटेत आडवी फांदी, ओल्या पानांखालचा दगड, तारेचं कुंपण दिसलं तर तिथे परावर्तक खिळे किंवा पट्टी लावा. कुंपण ओलांडताना बंदूक रिकामी हे आत्ताच ठरवा.

मचाणाबद्दल माझं मत पक्कं आहे. पासष्टीनंतर झाडावरचं मचाण नको. शिकारीत बंदुकीपेक्षा मचाणावरून पडूनच जास्त हाडं मोडतात, आणि त्या वयात मोडलेला खुबा म्हणजे काय असतं ते मी रोज पाहते. तुम्ही स्वतः चढणार असाल तर जमिनीवरून पाय उचलायच्या आधी हार्नेस (अंगाला बांधायचा सुरक्षापट्टा) अडकवा आणि बंदूक रिकामी करून दोरीनं वर ओढून घ्या. आजोबांसाठी जमिनीवरचा ब्लाइंड, म्हणजे कापडी खोपट. वारा अडतो, हालचाल लपते, पाय मोकळे करता येतात.

आत खुर्ची कोणती ठेवता त्यावर सगळा दिवस ठरतो. शिकारीच्या दुकानातली तिपाई बुटकी असते. तिच्यावरून उठताना म्हातारा माणूस पुढे झुकतो, हातानं काहीतरी धरू पाहतो, आणि जवळ धरण्यासारखी एकच वस्तू असते ती म्हणजे रायफल. खुर्ची अशी हवी की बसल्यावर गुडघे कमरेपेक्षा किंचित खाली राहतील, आणि तिला हात हवेत. खाली फळी टाका, नाहीतर पाय मातीत रुततात. नेमासाठी तिकाटणं हवंच, थरथर त्यात निघून जाते.

एका ब्लाइंडमध्ये दोघं, भरलेली बंदूक एकच. हा माझा नियम. पाळी बदलायची ती बंदूक रिकामी करून. आणि बार काढण्याआधी दोघांनीही "दिसलं" म्हणायचं. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना पहाटेच्या करड्या उजेडात झुडूप आणि जनावर सारखंच दिसतं. कायद्यानं सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून परवानगी आहे, पण आम्ही त्यानंतरही वीस-पंचवीस मिनिटं चापाला हात लावत नाही. तेवढ्यानं काही बिघडत नाही, सकाळ मोठी असते.

वेगवेगळे बसणार असाल आणि एकानं दुसऱ्याच्या नावावरचं हरीण मारायचं असेल, तर विस्कॉन्सिनचा समूह-शिकारीचा नियम नीट समजून घ्या. मारते वेळी दोघं एकमेकांना दिसत असायला हवेत किंवा नुसत्या आवाजानं बोलता यायला हवं. वॉकीटॉकी, फोन चालत नाही. श्रवणयंत्र तेवढं चालतं, कायद्यात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे.

आता तो कागद. चार ओळी मोठ्या अक्षरांत लिहा, एक प्रत तुमच्या खिशात, एक गाडीच्या काचेजवळ, एक आजींकडे: शेताचा फायर नंबर (शेताच्या पत्त्याचा क्रमांक, रस्त्याच्या तोंडाशी पाटीवर असतो, आणीबाणीच्या ९११ला तोच लागतो), गाडीपासून ब्लाइंड कोणत्या दिशेला, आजोबांची औषधं, आणि किती वाजता परत येणार. दऱ्यांमध्ये फोनला रेंज नसते. कुठल्या कड्यावर रेंज मिळते ते आजच शोधा. फोन आतल्या खिशात, अंगालगत ठेवा, थंडीत बॅटरी झपाट्यानं उतरते.

रात्री जेवून पत्ते खेळा, पण दारू बेतानं. पहाटे साडेचारला उठायचं आहे आणि म्हाताऱ्या शरीरातून ती उतरायला वेळ लागतो. लघवीची गोळी चालू असेल तर ती शनिवारी कधी घ्यायची हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. शिवाय रुंद तोंडाची बाटली ब्लाइंडमध्ये असू द्या. यात लाजण्यासारखं काही नाही, आणि वासही बाहेर पसरत नाही.

कपडे आणि डबा

कमरेच्या वर सगळ्यात बाहेरच्या कपड्यांचा निदान निम्मा भाग झगझगीत केशरी किंवा गुलाबी हवा, टोपी घातली तर तीही निम्मी तशीच. हरणाला तो रंग मळकट दिसतो. निळा मात्र त्याला चांगला दिसतो, तेव्हा जीन्स नको. शुभ्रता वाढवणाऱ्या पावडरीत धुतलेले कपडेही नकोत. सुती बनियन घरी ठेवा, लोकर घाला. चालताना जाकीट पाठीवर बांधा आणि बसल्यावर चढवा. चढावर घाम आला की तासाभरात तोच घाम हाडं गोठवतो.

म्हाताऱ्या माणसाला थंडी वाजतेय हे उशिरा कळतं, कुडकुडणंही कमी असतं. म्हणून "थंडी वाजते का" असं विचारून उपयोग नाही. त्यांना जाकिटाची चेन लावायला सांगा. बोटं चुकत असतील, शब्द जड येत असतील, तर उठायचं आणि गाडीत जाऊन बसायचं, समोर कितीही मोठा नर असो.

डब्यात मी धपाटे नेते, तीळ घातलेले, कापडात गुंडाळून. प्लॅस्टिकच्या पाकिटाचा चुरचुर आवाज शांत रानात फार लांब जातो. बरोबर शेंगदाण्याचे लाडू आणि थर्मासमध्ये आल्याचा चहा. साखरेचा त्रास असेल तर त्यांचं खाणं वेळेवर झालं पाहिजे, हरणासाठी ते पुढे ढकलायचं नाही.

शनिवार

सूर्य सातच्या सुमारास उगवतो, आपण सहाला जागेवर. गाडीचं दार आपटू नका. गाडीत लांब नळीची बंदूक रिकामीच असावी लागते, बसून स्थिर झाल्यावरच भरायची.

मग वारा. आजोबांच्या छातीच्या खिशात गोळ्यांची एक जुनी नारिंगी डबी असते, तिच्यात मिल्कवीडच्या बोंडातला कापूस. आपल्याकडे रुईतून म्हातारी उडते ना, त्याच कुळातलं हे झाड. ते एक तंतू चिमटीत धरतात, फुंकर न मारता नुसता सोडतात. तो आधी ब्लाइंडच्या तोंडाशी तरंगतो, मग वाटतं खाली जाईल, आणि दहा हातांवर अचानक वळून डावीकडच्या घळीत ओढला जातो. तो दिसेनासा होईपर्यंत आजोबा पाहत राहतात. मग म्हणतात, "डावी घळ गेली. आज उजवीकडेच बघ." दुकानातल्या पावडरीच्या बाटलीनं हे कळत नाही. पावडर दोन हातांवर विरते, म्हातारी मात्र वाऱ्याची पूर्ण वाट दाखवते.

दऱ्यांमधलं गणित असं: पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहते, ऊन तापलं की वर चढू लागते, संध्याकाळी पुन्हा खाली. म्हणून सकाळी नऊनंतर वरच्या अंगाला बसलेलं बरं, आणि दिवस कलल्यावर खालच्या. मधल्या वेळी जागा बदला, त्या निमित्तानं आजोबांचे पायही मोकळे होतात. दर अर्ध्या तासानं घोटे वरखाली करायला सांगा, आणि उठल्यावर लगेच चालायला लागू नका, दहा आकडे मोजा. बराच वेळ बसून उठलं की चक्कर येते.

हरीण येतं तेव्हा आवाज येतोच असं नाही. खारीचा खडखडाट मात्र दिवसभर असतो. खार थांबून थांबून उड्या मारते. हरणाची चाल सलग असते, पावलामागून पाऊल. आजोबांना हे आता ऐकू येत नव्हतं. त्यांना इलेक्ट्रॉनिक इयरमफ आणून दिले, ते बारीक आवाज वाढवतात आणि बंदुकीचा बार दाबतात. पहिल्या सकाळी त्यांनी माझा गुडघा दाबला आणि बोटानं मागची बाजू दाखवली. मला काहीच कळलं नव्हतं. मिनिटभरानं दोन माद्या आणि एक पाडस तिथूनच उतरले.

पाडस असलेल्या मादीबद्दल लोक विचारतात. नोव्हेंबरात पाडस सहा महिन्यांचं असतं, दूध सुटलेलं, स्वतंत्र जगू शकणारं. कळप आटोक्यात राहतो तो माद्या मारल्यानं, नर मारून नाही. तरी कुणाचं मन झालं नाही तर आग्रह करू नका.

नेम फक्त आडव्या उभ्या जनावरावर, किंवा अंग किंचित पलीकडे वळवून उभ्या असलेल्यावर. पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात. तिथे फुप्फुसं आणि हृदय. समोरून नाही, मागून नाही, पळत्यावर नाही, आणि कड्याच्या आकाशरेषेवर उभं असेल तर कधीच नाही, कारण पलीकडच्या दरीत कुणाचं घर आहे ते आपल्याला दिसत नसतं.

हाका करायचा का? आजूबाजूचे तरुण शनिवारी दुपारी हाका घालतात आणि आजोबांना नाक्यावर उभं करतात. मी नाही म्हणते. हाक्यात हरीण पळतं येतं, माणसं समोरून येत असतात, आणि क्षणात ठरवावं लागतं. थकलेल्या डोळ्यांवर ते ओझं टाकू नये.

बार झाल्यावर

काही करू नका. बंदूक सुरक्षित करा, जनावर कोणत्या झाडाजवळ होतं आणि शेवटचं कुठे दिसलं ते दोघांनी एकमेकांना सांगा, घड्याळ पाहा, निदान अर्धा तास बसा. याच अर्ध्या तासात आजोबांचं हृदय सगळ्यात जोरात धडधडत असतं. त्यांना चहा द्या, बोलतं ठेवा, मनगट धरून नाडी पाहा.

मग माग. आजोबा खिशातून टॉयलेट पेपर काढतात, आणि रक्ताचा प्रत्येक थेंब दिसला की त्याच्या वरच्या फांदीवर एक तुकडा अडकवतात. माग हरवला तर वळून पाहायचं, पांढऱ्या तुकड्यांची रांगच दिशा सांगते. तो पेपर पावसात विरघळतो. लालभडक, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुसं, जनावर जवळच पडलेलं असतं. गडद लाल म्हणजे बहुधा यकृत, काही तास थांबा. हिरवट आणि घाण वास येणारं असेल तर गोळी पोटात गेली आहे. मग मागे फिरा आणि सहा-आठ तासांनी या. लगेच मागे लागलात तर ते उठून मैलभर जातं आणि कुठेतरी हालहाल होऊन मरतं. शोधल्याशिवाय सोडायचं नाही, ही त्या जनावराप्रती आपली जबाबदारी आहे.

पडलेल्या जनावराकडे पाठीच्या बाजूनं जा, लांब काठीनं डोळ्याला स्पर्श करा. पापणी हलली नाही तरच बंदूक रिकामी करा.

पोट साफ करायचं काम तुमचं. रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्याच्या हातात, थंडीनं बधिर झालेली बोटं असताना, धारदार सुरी नको. आजोबा वरून सांगतील, आणि फार चांगलं सांगतील. लांब हातमोजे घाला. छातीच्या हाडाखाली कातडी चिमटीत उचलून छोटा छेद, मग दोन बोटं आत घालून कातडी वर धरायची आणि त्या दोन बोटांच्या मधून सुरी पुढे न्यायची, धार वरच्या बाजूला. म्हणजे कोठा आणि मूत्राशय फुटत नाही. छाती-पोटामधला पडदा कडेकडेनं सोडवा, श्वासनळी कापा, जनावर कुशीवर वळवा, सगळं एकत्र बाहेर येतं.

आता ओढायचं. साफ केलेली मादीसुद्धा पंचेचाळीस किलोच्या आसपास भरते, मोठा नर त्याहून बराच जड. थंडीत रक्तवाहिन्या आकसलेल्या, तासन्‌तास बसून एकदम चढावर ओझं ओढणं, वर उत्साह: हृदयविकाराचा झटका यायला याहून वाईट जुळणी नाही. हंगामात दर वर्षी अशी माणसं जातात. आजोबांनी दोरीला हातसुद्धा लावायचा नाही, आणि हे शुक्रवारी ठरलेलं असलं की शनिवारी वाद होत नाही. प्लॅस्टिकची घसरगाडी आणा, उताराच्या दिशेनं ओढा, शेजाऱ्याचा ट्रॅक्टर किंवा एटीव्ही आधीच सांगून ठेवा. आजोबा पुढे चालतील, वाट दाखवतील, तुमच्या रिकाम्या बंदुकीची जबाबदारी घेतील. छातीत, जबड्यात, डाव्या हातात दुखलं, घाम फुटला, तर हरीण तिथेच सोडायचं आणि ९११. सीपीआर शिकून घ्या, एका दुपारचं काम आहे.

नोंदणी, तपासणी, मांस

हरीण हाती लागल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत ऑनलाइन किंवा फोनवर नोंदणी करावी लागते. आजोबांच्या नावाचं असेल तर त्यांच्याबरोबर बसून करा.

या भागात क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांचा जीवघेणा रोग आहे. राज्यात तो पहिल्यांदा २००२ मध्ये माउंट होरेबजवळ सापडला, आणि रिचलँड, आयोवा, सॉक, डेन या काउंट्यांत आता बराच पसरला आहे. माणसाला तो झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, पण बाधित हरणाचं मांस खाऊ नये असाच सल्ला आहे. त्याला कारण असलेलं प्रायॉन नावाचं बिघडलेलं प्रथिन शिजवून नष्ट होत नाही, प्रेशर कुकरच्या कितीही शिट्ट्या करा. निरोगी दिसणारं हरीणही बाधित असू शकतं. तपासणी फुकट असते. मानेच्या थोड्या भागासह डोकं नमुने गोळा करणाऱ्या किऑस्कच्या पेटीत ठेवायचं, फॉर्म भरायचा, पावती जपायची. मांस कापताना मेंदू, पाठीचा कणा, डोळे, प्लीहा आणि लसिका गाठी यांना सुरी लावू नका. अख्खं धूड काउंटीबाहेर न्यायचं असेल तर त्या वर्षीचे नियम आधी पाहा.

हवा ४ अंश सेल्सियसच्या वर असेल तर पोटात बर्फाच्या पिशव्या भरा. शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब पसरतात. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात गरिबांसाठी दान दिलेल्या हरणाच्या मांसात असे कण सापडले होते. घरात लहान मुलं असतील तर तांब्याची गोळी वापरा, आणि जखमेभोवतीचं मांस सढळ हातानं कापून टाका.

खाटकाकडे दिलंत तर एक गोष्ट आवर्जून विचारा. हरणाच्या मांसात चरबी फार कमी असते, म्हणून इथे सॉसेजमध्ये डुकराचं किंवा गाईचं मांस मिसळण्याची सर्रास पद्धत आहे. चालत नसेल तर "काही मिसळू नका, नुसता खिमा द्या" असं लिहून द्या, आणि आपल्याच हरणाचं मांस परत मिळेल ना तेही विचारा.

घरी कापताना पांढरी चरबी सगळी काढा, ती टाळूला मेणासारखी चिकटते. स्नायूंवरचा चंदेरी पापुद्राही सोलून काढा. पाठीचे दोन लांब तुकडे फार शिजवायचे नसतात, तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजले की झालं. मांड्यांचं मात्र मी सावजी करते: जवस, खसखस, सुकं खोबरं, धणे आणि लवंगी मिरची भाजून वाटायची, तेल मटणाला घालतो त्याच्या दीडपट, कारण मांसाचं स्वतःचं काही सुटत नाही, आणि मंद आचेवर दोन तास. आजोबांसाठी मिरची निम्मी आणि मीठ कमी, रक्तदाबासाठी. पण हे सगळं तपासणीचा निकाल आल्यावर. त्याला दोन आठवडे लागू शकतात. तोपर्यंत प्रत्येक पाकिटावर तारीख आणि पावतीचा क्रमांक लिहून फ्रीझरमध्ये ठेवा, दोन हरणांचं मांस एकत्र करू नका, आणि आजोबांच्या वाट्याची पाकिटंही निकाल येईपर्यंत तुमच्याकडेच राहू द्या.